पेटीतला घुमट

रिकाम्या दगडी चर्चमध्ये एकटेच उभे राहण्याचा प्रसंग आला, तर एकदा हलकेच टाळी वाजवून पाहावी. हात थांबतात, पण आवाज थांबत नाही. तो भिंतींकडे जातो, कमानींना स्पर्श करतो, छताखाली घुटमळतो आणि हळूहळू विरतो. मिस्साच्या अखेरीस गायनवृंदाचा शेवटचा सूर मिटल्यावर क्षणभर जी भारलेली शांतता जाणवते, तिच्यातही खरे पाहता सूर असतोच. या विरत जाणाऱ्या आवाजाला शास्त्रीय परिभाषेत ‘निनादन’ म्हणतात. वादकांच्या तोंडी ‘रिव्हर्ब’ हा शब्द रुळला आहे. प्रतिध्वनी वेगळा. डोंगरासमोर हाक मारली की ती जशीच्या तशी परत येते, तो प्रतिध्वनी. निनादनात एकाच आवाजाचे असंख्य अंश इतक्या दाटीने परततात की त्यांतला एकही वेगळा ओळखू येत नाही.

आता दुसरे दृश्य डोळ्यांपुढे आणू या. एका हौशी कारागिराने घरच्या टेबलावर, स्वतःच्या हाताने, गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला आहे. त्यात ट्रान्झिस्टर नाहीत. जुन्या रेडिओत तांबूस उजेडाने पेटत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह आहेत. आवाज गोड आहे, पण कोरडा. तार छेडली की सूर उमटतो आणि खोलीतल्या पडद्यांत, गाद्यांत जिरून जातो. मग तो पत्र्याची एक लांबट पेटी आणतो. तिच्यात काय असते? ताणून बसवलेल्या दोन बारीक स्प्रिंगा, आणखी काही नाही. या पेटीची नीट जोडणी झाली की त्या लहानशा खोलीला जणू घुमट लाभतो.

या दोन स्प्रिंगांमागे मोठा इतिहास आहे. त्यात एक प्राध्यापक आहे, टेलिफोनचे इंजिनियर आहेत, एक घड्याळजी आहे आणि एक रेडिओ दुरुस्त करणारा आहे. चर्च तर त्यात पुनःपुन्हा येते. आणि या साऱ्यांच्या मागे एक प्रश्न उभा आहे : जी वास्तू आपल्यापाशी नाही, तिचा घुमार यंत्राकडून उसना घ्यावा काय? आणि घेतला, तर त्याला काय म्हणावे?

रिकामेपणाचे मोजमाप

शतकानुशतके मोठ्या चर्चमध्ये गाणाऱ्यांना वास्तूचा स्वभाव अनुभवाने कळत होता. ग्रेगोरियन गायनाची एकेरी, संथ चाल उंच छताखाली खुलते. भराभर उच्चारलेले शब्द तिथे एकमेकांवर चढतात. पण हे ज्ञान कानाचे होते. त्याला आकडा नव्हता.

तो आकडा दिला वॉलेस सॅबीन या तरुण प्राध्यापकाने. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात एक नवे व्याख्यानगृह बांधले होते आणि तिथे वक्त्याचे बोलणे कोणालाच समजत नव्हते. १८९५ मध्ये ते दुरुस्त करण्याचे काम सॅबीनकडे आले. रस्ते शांत झाल्यावर, रात्रीच्या वेळी, तो एक ऑर्गन नळी वाजवी, ती एकाएकी बंद करी आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजी. त्या सभागृहात तो वेळ पाच सेकंदांहून अधिक भरला. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या वाहून आणून तो सभागृहात मांडी आणि पुन्हा मोजी. गाद्या वाढल्या की निनाद घटे. या कष्टांतून एक सरळ नियम हाती आला : जागा जितकी मोठी तितका निनाद लांबतो, आवाज शोषणारे पदार्थ जितके अधिक तितका तो आखडतो. आवाजाची शक्ती मूळच्या दहा लाखांश होईपर्यंतचा काळ, तो निनादन-काल, असे माप पुढे ठरले. १९०० मध्ये उघडलेले बोस्टनचे सिंफनी हॉल याच नियमांच्या आधारे बांधले गेले.

सॅबीनपुढे निनाद कमी करण्याचे काम होते, हे ध्यानात ठेवावे. शब्द ऐकू यावा म्हणून तो झगडत होता. पण एकदा एखादी गोष्ट मोजता आली, की ती घडवण्याचा मोह माणसाला फार काळ आवरत नाही.

टेलिफोनचे इंजिनियर आणि घड्याळजी

स्प्रिंगेची कल्पना संगीतातून आली नाही, ती टेलिफोनच्या तारेतून आली. दूर अंतरावरच्या टेलिफोनवर बोलणाऱ्याचा स्वतःचाच आवाज थोड्या विलंबाने परतून त्याच्या कानी पडे. या दोषाचा अभ्यास करायचा, तर शेकडो मैलांची तार प्रयोगशाळेत कशी आणणार? बेल प्रयोगशाळेतील इंजिनियरांनी त्यासाठी स्प्रिंग वापरली. वेटोळ्या तारेतून कंपन फार हळू सरकते. त्यामुळे हातभर लांबीच्या स्प्रिंगेतही मोठ्या अंतराचा विलंब मावतो. तिथे संगीताचा विचारही नव्हता.

योगायोग असा की, सॅबीनने काम सुरू केले त्याच १८९५ साली लॉरेन्स हॅमंड याचा इलिनॉयमध्ये जन्म झाला. हा विजेवर चालणारी घड्याळे बनवणारा इंजिनियर. संगीतकार तो नव्हताच. मंदीच्या काळात घड्याळांचा धंदा डबघाईला आला, तेव्हा आपल्या अचूक गतीच्या विद्युत मोटरचा दुसरा काही उपयोग होईल काय, याचा तो शोध घेऊ लागला. त्यातून दातेरी चकत्यांचा ऑर्गन जन्मला. त्यात ९१ लहान चकत्या चुंबकांपुढे फिरतात आणि प्रत्येक चकती एकेक सूर उत्पन्न करते. १९३४ मध्ये पेटंट मिळाले, १९३५ मध्ये वाद्य बाजारात आले.

ज्या चर्चला नळ्यांचा मोठा ऑर्गन परवडत नव्हता, त्यांनी ते आनंदाने घेतले. पहिल्या तीन वर्षांत साडेसतराशेहून अधिक चर्चनी हॅमंड ऑर्गन विकत घेतले. शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीतील फर्स्ट चर्च ऑफ डिलिव्हरन्समध्ये तो १९३९ मध्ये आला आणि पुढे गॉस्पेल गायनाचा तो जणू दुसरा कंठच झाला.

नळ्यांचे ऑर्गन बांधणारे मात्र अस्वस्थ झाले. आमच्या वाद्याशी बरोबरी केल्याचा दावा खोटा आहे, अशी त्यांची तक्रार होती. १९३६ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगापुढे प्रकरण गेले. शिकागो विद्यापीठाच्या चॅपलमध्ये परीक्षाच झाली : एकीकडे भव्य नळ्यांचा ऑर्गन, दुसरीकडे हॅमंड, आणि ऐकणारे संगीतज्ञ व विद्यार्थी. कोणते वाद्य वाजते आहे हे ओळखताना ऐकणारे सुमारे एक तृतीयांश वेळा चुकले. तरीही १९३८ मध्ये आयोगाने कंपनीला नळ्यांच्या ऑर्गनशी बरोबरीचे दावे थांबवण्यास सांगितले. वाद्य विकण्यास मनाई नव्हती. जे आपण नाही ते असल्याचे सांगू नये, एवढेच त्या निकालाचे सार होते.

तेलाच्या नळीपासून पत्र्याच्या पेटीपर्यंत

चॅपलमधल्या परीक्षेत कान फसले, त्याचे थोडे श्रेय त्या दगडी वास्तूलाही द्यावे लागेल. हॅमंडच्या वाद्याची खरी अडचण लहान जागेत उघडी पडे. बोट पट्टीवरून उचलले की सूर तिथल्या तिथे तुटे. मोठे चर्च त्या तुटलेल्या कडा मऊ करते. लाकडी छताचे छोटे प्रार्थनागृह किंवा घरातली बैठकीची खोली ते करू शकत नाही. म्हणून हॅमंडने टेलिफोनवाल्यांची स्प्रिंग उचलली आणि स्पीकरच्या कपाटात बसवली. हे पहिले उपकरण सुमारे चार फूट उंच होते. त्याच्या काही स्प्रिंगा तेलाने भरलेल्या नळ्यांत बुडवलेल्या असत, कारण मोकळी स्प्रिंग फार वेळ थरथरते. कपाट आडवे केले की तेल सांडे! १९५०च्या दशकात गळ्यातल्या माळेसारख्या लोंबत्या स्प्रिंगांचा प्रकार आला. त्यात तेलाचा जाच नव्हता, पण धक्का त्याला सोसत नसे. अखेर १९६०च्या सुमारास हॅमंडच्या इंजिनियरांनी सुमारे ४२ सेंटिमीटर लांबीची आटोपशीर पत्र्याची पेटी सिद्ध केली. आज कारागीर वापरतात ती हीच, किंवा हिचीच भावंडे.

तिचे काम साधे आहे. एका टोकाच्या कॉइलमध्ये गिटारचा विद्युत-संदेश सोडला की स्प्रिंगेच्या टोकाचे चिमुकले चुंबक पिळवटल्यासारखे हलते. तो पीळ वेटोळ्यांतून सरकत दुसऱ्या टोकाच्या चुंबकापर्यंत जातो आणि तिथल्या कॉइलमध्ये पुन्हा वीज उत्पन्न करतो. मग तो मागे परततो, पुन्हा जातो, असे मंदावत राहतो. दोन स्प्रिंगांचे विलंब मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात, सुमारे ३३ आणि ४१ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात हवेतून आवाज अनुक्रमे सुमारे ११ आणि १४ मीटर जातो. म्हणजे हातभर पेटीत एका लहान चर्चची लांबी-रुंदी गुंडाळून ठेवलेली असते.

अशा वाद्यांचा प्रश्न रोमपर्यंतही पोहोचला होता. ३ सप्टेंबर १९५८ रोजी पवित्र संगीताविषयी जी सूचना प्रसृत झाली, तिच्यात इलेक्ट्रॉनिक ऑर्गनला तात्पुरती मुभा होती : नळ्यांचा लहानसा ऑर्गनही घेण्याची ऐपत नसेल तर, आणि तीही धर्मप्रांताच्या अधिकाऱ्यांच्या अनुमतीने. पुढे ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक संविधानाने नळ्यांच्या ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि उपासनेला शोभणाऱ्या इतर वाद्यांसाठीही दार किलकिले केले.

फुलर्टनचा रेडिओवाला

कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस गिटारी आणि अ‍ॅम्प्लिफायर बनवू लागला होता. हॅमंड जसा संगीतकार नव्हता, तशी फेंडरलाही गिटार वाजवता येत नव्हती. वादकांचे म्हणणे ऐकायचे आणि यंत्र सुधारायचे, ही त्याची पद्धत. १९६१ मध्ये त्याने स्प्रिंगेची वेगळी पेटी बाजारात आणली. तिच्यात व्हॉल्व्ह होते आणि तीन बटणे होती. इतर एकदोन कंपन्यांनी त्याच सुमारास स्प्रिंग अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच बसवली. फेंडरने ते १९६३ मध्ये ‘व्हायब्रोव्हर्ब’मध्ये केले; त्यानंतर ‘ट्विन रिव्हर्ब’ आणि ‘डीलक्स रिव्हर्ब’ आले.

समुद्रकाठी लाटांवर खेळणाऱ्या तरुणांचा वादक डिक डेल (१९३७–२०१९) सांगत असे की, त्याला हा निनाद मुळात आपल्या गाण्याच्या आवाजासाठी हवा होता; हॅमंड ऑर्गनमधली स्प्रिंग पाहून त्याने फेंडरला ती दाखवली. गळ्यासाठी मागितलेली वस्तू गिटारीला लागली आणि तिथे एक वेगळीच गोष्ट घडली. स्प्रिंगेतून जाड आणि बारीक सूर एकाच वेगाने धावत नाहीत. शिवाय दगडी चर्चमध्ये आवाजाला परतायला असंख्य वाटा असतात, पेटीत दोनच. म्हणून जोरात छेडलेली तार पेटीतून बाहेर येते ती पाण्याचे थेंब टपटपल्यासारखी. कॅथेड्रलची नक्कल म्हणून ही पेटी नापास होती. पण तो ओला, थेंबांचा आवाज तरुणांना समुद्राचा वाटला आणि तोच त्यांना हवासा झाला. नक्कल करणे सोडले तेव्हा स्प्रिंगेला स्वतःचा आवाज सापडला.

कारागिराच्या टेबलावर

त्या काळचे अ‍ॅम्प्लिफायर बनवणारे आपले आराखडे फारसे लपवत नसत. फेंडरच्या यंत्रांत कोणता व्हॉल्व्ह कुठे, हे दाखवणारा कागद पेटीच्या आतच चिकटवलेला असे. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांनी आणि हौशी लोकांनी ही विद्या आत्मसात केली, आणि ती आजही हातोहात चालत आली आहे.

घरी बांधायला सर्वात सोपा अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे तीन व्हॉल्व्हचा : सूर वाढवणारा एक १२एएक्स७, स्पीकरला शक्ती देणारा एक ६व्ही६ आणि विजेची दिशा सरळ करणारा एक ५वाय३. त्यात निनाद भरायचा तर पेटी नुसती जोडून भागत नाही. पेटीच्या पहिल्या कॉइलचा अवरोध जेमतेम ८ ओहम असतो. तिला प्रवाह लागतो आणि व्हॉल्व्ह तर दाब देणारा, प्रवाहाच्या बाबतीत कंजूष. म्हणून १२एटी७ या व्हॉल्व्हचे दोन्ही अर्ध एकत्र जुंपतात आणि पुढे २५,००० ओहमला ८ ओहमशी जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर ठेवतात. त्या आधी ५०० पिकोफॅरडचा इवला कंडेन्सर खर्जाचे सूर अडवतो, कारण जाड सूर स्प्रिंगेत गेले की सारे गढूळ होते.

पेटीतून जे बाहेर पडते ते मिलिव्होल्टमध्ये मोजावे इतके क्षीण असते. ते उचलून धरायला आणखी एका १२एएक्स७चा एक अर्ध लागतो. मूळचा कोरडा सूर ३३ लाख ओहमच्या रोधकातून येतो, त्याला हा निनाद मिळतो आणि त्या व्हॉल्व्हचा दुसरा अर्ध दोघांना मिळून वाढवतो. म्हणजे दोन व्हॉल्व्ह अधिक, त्यांच्या तंतूंसाठी ६.३ व्होल्टवर ०.६ अँपिअर अधिक. मुख्य ट्रान्सफॉर्मरला हा भार पेलेल काय, हे आधीच पाहावे लागते.

पेटी निवडतानाही डोळसपणा हवा. तिच्यावर ‘४एबी३सी१बी’ अशी अक्षरे असतात. ४ म्हणजे दोन स्प्रिंगांची लांब पेटी. ए म्हणजे आत येण्याचा अवरोध ८ ओहम. बी म्हणजे बाहेर पडण्याचा २,२५० ओहम. ३ म्हणजे लांब निनाद. पुढचे सी कोणते टोक पत्र्याशी जोडलेले आहे ते सांगते. १ म्हणजे स्प्रिंगांना कुलूप नाही. आणि शेवटचे बी म्हणजे उघडी बाजू खाली करून आडवी ठेवावी. एक अक्षर चुकले तर सारी मेहनत मुकी होते, किंवा घूं-घूं करू लागते. मुख्य ट्रान्सफॉर्मरची चुंबकीय गुणगुण त्या क्षीण सुरात सहज शिरते. म्हणून पेटीचे बाहेर पडण्याचे टोक त्याच्यापासून दूर ठेवतात. स्पीकरच्या हादऱ्याने स्प्रिंगा स्वतःहून ओरडू नयेत म्हणून पेटी एका पिशवीत घालून कपाटाच्या तळाशी बसवतात. अ‍ॅम्प्लिफायरला चुकून पाय लागला तर मेघगर्जना ठरलेली!

आणि एक गंभीर गोष्ट. या यंत्रांत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो, आणि वीज तोडल्यावरही मोठे कंडेन्सर तो धरून ठेवतात. तो भार रोधकातून उतरवल्याशिवाय आणि मीटरने खात्री केल्याशिवाय आत बोट घालणे म्हणजे जिवाशी खेळ. ज्याला हे काम येत नाही त्याने जाणत्याच्या हाताखाली बसूनच ते शिकावे.

किती फिरवावे?

काळ पुढे गेला. १९७६ मध्ये निनाद आकड्यांनी घडवणारे यंत्र आले. आज संगणक एखाद्या खऱ्या कॅथेड्रलमध्ये टिपलेला निनाद हवा तेव्हा कोणत्याही सुरावर चढवू शकतो. अचूकतेत स्प्रिंग केव्हाच हरली आहे. तरीही पत्र्याच्या त्या पेट्या तयार होतच आहेत, आता दक्षिण कोरियात. आणि घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधणारे त्या घेतच आहेत. कॅथेड्रल हवे म्हणून नव्हे, स्प्रिंग हवी म्हणून.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला इथेच दिसते. १९३८चा तो निकाल रुक्ष व्यापारी भाषेत होता, पण त्यात शहाणपण होते. उसनवारीत लाज नाही. लाज आहे ती उसने आपलेच म्हणून मिरवण्यात. लहान चर्चने हॅमंड घेतला तो गरजेपोटी. त्यातून गॉस्पेलचा सूर जन्मला. टेलिफोनच्या प्रयोगशाळेतली स्प्रिंग चर्चची सेवा करायला आली आणि समुद्रकाठच्या पोरांच्या हाती लागून स्वतःचे बोलू लागली. गरिबीची तडजोड म्हणून आलेल्या वस्तूला खरेपणाने वागवले, की तिचेही एक सौंदर्य प्रकट होते.

हल्ली आपल्याही गायनवृंदांत गिटारी आहेत आणि ध्वनियंत्रांवर निनादाचे बटण आहे. ते हाती आले की शेवटपर्यंत फिरवण्याचा मोह होतोच. अशा वेळी हार्वर्डच्या त्या प्राध्यापकाला आठवावे. रात्र-रात्र गाद्या वाहून तो निनाद कमी करत होता, कारण मागच्या बाकावर बसलेल्यालाही शब्द कळायला हवा होता. फेंडरच्या बटणावर १ ते १० आकडे असतात. तिसऱ्या-चौथ्या आकड्यावर सुराला वास्तू लाभते. दहाव्यावर वास्तूच उरते, सूर बुडतो. कारागीर रात्रभर खपून, डाख देऊन, दोन व्हॉल्व्ह आणि दोन स्प्रिंगा जोडतो आणि पहाटे पहिली तार छेडतो. तेव्हा त्याने बटण हळूच थोडे मागे घ्यावे, आणि ऐकावे.